बाया सोडून आठशे किलो

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माहेरी म्हणायचे, ही पोरगी नाकावर माशी बसू देत नाही. सासरी आल्यावर माशा वाढल्या, दुसरं काय.

बारामती-इंदापूर रस्त्याला एका वजनकाट्यावर मी कामाला आहे. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो येतात, जमिनीत बसवलेल्या लोखंडी प्लेटवर उभे राहतात. मी खिडकीत बसून आकडा बघते, कळ दाबते आणि पावती फाडून देते. भरलेल्या गाडीतनं रिकामी गाडी वजा केली की राहतो तो माल. बारा वर्षं झाली, हेच चाललंय. आमचा काटा दहा-दहा किलोनं चालतो, अधलंमधलं त्याला कळत नाही. आणि दिवसातनं पन्नास वेळा मी एकच वाक्य ओरडते, "माणसं खाली उतरा! काट्यावर माणूस नको!" उसाच्या ट्रॉलीवरच्या बाया, कांद्याच्या गाडीवरच्या बाया, कलिंगडाच्या ढिगावर बसून आलेल्या बाया, सगळ्या पदर खोचून पटापटा खाली उतरतात, वजन झालं की परत वर चढतात. माणूस मालात धरला तर व्यापारी बोंब मारतो, म्हणून ही पद्धत. एवढं वाक्य ध्यानात ठेवा. त्या वाक्यापायी आज मी स्वतःवर पण चिडलेली आहे.

आमचं घर काट्यापासून बारामतीच्या बाजूला दोनेक किलोमीटरवर, वस्तीवर. सासरची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. सासूबाईंचं निम्मं आयुष्य पायावर गेलं. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे वारले, मेंढरं त्यांच्या आधीच गेली होती. आता घरची थोडी बागायत आहे, आणि माझ्या माहेरी कळंबला भावाच्या शेजारचं तीन एकर आम्ही वाट्यानं करतो. त्यात टोमॅटो. तोडायला वस्तीवरच्याच पाच बाया जातात आणि सहाव्या आत्या. पासष्टी ओलांडलेली बाई, पण घरात बस म्हणलं की तोंड फिरवते.

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पिकअप घेतली तोवर सगळं ठीक होतं. पिकअपमध्ये पन्नास क्रेट बसायचे. एकदा ते सांगवीच्या पाहुण्यांकडं गेले आणि तिथं त्यांनी पिकअपच्या मागं जोडलेला ट्रेलर बघितला. झालं! घरी आले ते ट्रेलर डोक्यात घेऊनच. दोन महिने त्यांना दुसरं काही सुचेना. जुन्या ट्रॉलीचा धुरा आणला, जाडजूड लोखंडी चॅनेल आणले आणि एका वेल्डिंगवाल्याकडनं दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. वर निळा रंग, मागं लाल रेडियम, फाळक्यावर "आईचा आशीर्वाद". त्या आशीर्वादाचं पुढं काय झालं ते सांगतेच.

"किती वजन झेपतं म्हणला?" मी विचारलं.

"टनभर बिनधास्त टाका म्हणलाय."

"त्यानं कशावरनं सांगितलं?"

"अगं, त्याचा हात बसलाय त्या कामावर. असले धा ट्रेलर केल्यात त्यानं."

धा केले म्हणे! वेल्डिंगवाला सांगणार त्याच्या लोखंडाचं. लोखंड मोडणार नाही, एवढंच त्याला माहिती. पुढं जी गाडी जुंपायची तिचं त्याला काय डोंबल कळणार? पण हे आमच्या मालकांना कोण सांगणार. मी म्हणलं, निदान काट्यावर तरी घाला. ट्रेलर घरी आणतानाच त्यांना काट्यावर थांबवलं, ट्रेलर सोडवून नुसता प्लेटवर ढकलायला लावला. आकडा आला सहाशे वीस.

मालक हसायलाच लागले. "रिकाम्याचं वजन घेऊन काय करतीस? रिकामा ट्रेलर कोण इकतंय?"

हे त्यांचं वाक्य येड्यासारखं वाटेल, पण आमच्या भागात सगळे असंच मोजतात. बाजारात टोमॅटोला काटा लागत नाही, क्रेट मोजतात. क्रेट म्हणजे वीस किलो. दोन किलोचं प्लॅस्टिक त्यात नाही, कारण ते विकलं जात नाही. ट्रेलर विकला जात नाही, म्हणून तोही नाही. जे विकलं जातं त्यालाच वजन. बाकी सगळं हवेत तरंगत येतं, असा सगळ्यांचा हिशेब. चाळीस क्रेट म्हणजे आठशे किलो, वेल्डिंगवाल्यानं सांगितलंय टनभर, म्हणजे दोनशे किलो अजून हातात आहेत! ह्याच हिशेबानं मालक चार माणसांत छाती फुगवून सांगायचे, "आपण क्षमतेच्या आत चालतो."

मला चैन पडेना. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, उघडलेलंसुद्धा नव्हतं. वर अगरबत्तीचा पुडा आणि एक नारळ. सगळं इंग्रजी. मी बारावी झालेली, अडखळत का होईना वाचते. ट्रेलरचं पान सापडलं. तरी खात्री करावी म्हणून जिथनं गाडीचं सर्व्हिसिंग होतं तिथल्या मेकॅनिकला फोन लावला. माणूस चांगला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे का?"

"नाही."

"मग ताई, पुस्तकात साडेसातशे लिहिलंय ना, त्याच्या वर जाऊ नका. आणि ते साडेसातशे ट्रेलरच्या लोखंडासकट. वर हुकावर जो भार येतो तो पिकअपच्या मालात धरायचा, तेवढे क्रेट पिकअपमधनं कमी."

मी पावतीच्या मागच्या बाजूला मांडलं. साडेसातशेतनं सहाशे वीस गेले. राहिले एकशे तीस. प्लॅस्टिकसकट क्रेट बावीस किलोचा. सहा क्रेट! आणि सहालासुद्धा दोन किलो जास्तच होतात. ज्या ट्रेलरवर आमचे मालक चाळीस क्रेट रचून वर सहा बाया बसवत होते, त्याच्यावर नियमानं सहा क्रेट. सहाशे वीस किलोचं लोखंड ओढत न्यायचं, कशासाठी, तर सहा क्रेट टोमॅटोसाठी. मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी चहाच्या वेळी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी बघितला, आणि हसण्यावारी नेला.

"पुस्तकं लिव्हणारी एसीत बसून लिव्हत्यात. गाडी कशी वढती बघ की. मागं ट्रेलर हाय ह्ये कळत बी न्हाय."

"वढायचं कोण इचारतंय तुमास्नी? मी थांबवायचं इचारतीय. त्याला ब्रेक न्हाय. तुमी ब्रेक दाबला की तुमची गाडी थांबती, त्यो थांबतो का? त्यो मागनं ढकलणार."

"आन् बाया धरल्या न्हाईत अजून," मी पुढं म्हणलं. "सहा बाया म्हंजी आणिक अडीचशे-तीनशे किलो."

"बायांचं काय वजन!" मालक म्हणाले आणि बशीतला चहा ओढला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बायांचं काय वजन! गॅसची टाकी उचलताना बाया, पाण्याचे हंडे उचलताना बाया, चाळीस क्रेट वावरातनं बांधापर्यंत डोक्यावर आणताना बाया, आणि बायांचं काय वजन!

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या मधे बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. त्यांच्या घोड्याची गोष्ट. मेंढरांमागं फिरताना सगळा संसार एका घोड्यावर असायचा. भांडी, वाकळा, कोंबड्या, पिठाची पिशवी. वाटेत एखादी मेंढी व्याली की ओलं कोकरू चालू शकायचं नाही, ते घोड्यावर ठेवायचं. "पर तुझा सासरा कोकरू वर ठिवायच्या आदी येक हंडा खाली काढायचा," आत्या म्हणाल्या. "त्यो हंडा मग माज्या डोक्यावर. मी म्हनायची, एवडंसं कोकरू, त्याचं काय वजन? तर म्हनायचा, त्ये घोड्याला इचार."

मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, "आई, घोडं वेगळं, गाडी वेगळी." आणि उठून गेले.

इथं मला माझंही तोंड फोडून घ्यावंसं वाटतं. कारण मी नंतर गप्प बसले. टोमॅटो भरात आला होता, दर बरा होता, रोजचं भांडण नको वाटलं. आमची गाडी आठवड्यातनं तीनदा माझ्या खिडकीसमोरनं जायची. टोमॅटोला काटा लागत नाही, त्यामुळं थांबायचं कारण नव्हतं. मागं ट्रेलर, ट्रेलरवर क्रेटची चळत, चळतीवर सहा बाया, दोरीला धरून. आत्या मला हात करायच्या. मी पण हात करायची. साडेसातशेचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि मी हात करत होते!

कळंबकडनं येताना कालव्याच्या पुलाला चढ आहे आणि पूल ओलांडला की उतार, उताराला लगेच वळण. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास उतारावर समोर एक मोटारसायकल आडवी आली. मालकांनी ब्रेक मारला. पिकअप थांबायला लागली, ट्रेलर नाही लागला. त्यानं मागनं असा रेटा दिला की पिकअपचं मागचं अंग फिरलं आणि गाडी रस्त्यावर आडवी झाली. ट्रेलरचं एक चाक रस्ता सोडून खाली गेलं. पाच बाया दोरीला लटकून राहिल्या. आत्यांच्या हातनं दोरी सुटली. चळतीवरनं त्या साइडपट्टीच्या खडीत पडल्या आणि त्यांच्यावर चार क्रेट.

मला फोन आला तशी मी काटा उघडा टाकून एकाच्या गाडीवर मागं बसून गेले. पोचले तेव्हा माणसं गोळा झाली होती. आत्या बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून, लुगड्याला टोमॅटोचा चिखल. आधी मला ते रक्तच वाटलं.  आणि मालक कुठं? मालक फोनवर. बाजारातनं व्यापारी विचारत होता आणि हे सांगत होते, "अकरा क्रेट गेलं. बाकीचं येतंय, येतंय."

अकरा क्रेट गेले. मोजून. आई सावलीला बसलीय तिचा हात मोडलाय का खांदा, हे अजून कुणी बघितलं नव्हतं, पण क्रेट अकरा गेले हे पक्कं ठाऊक होतं. गोळा झालेली माणसं म्हणत होती, थोडक्यात निभावलं, देवाची कृपा. कसली देवाची कृपा? देवानं भरले होते का चाळीस क्रेट? मी तिथंच रस्त्यात उभी राहून मालकांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माणसं बघत राहिली. बघू देत.

बारामतीला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, खांद्याचं हाड चिरलं होतं. प्लॅस्टर घातलं. केसपेपरवर वजन लिहिलं होतं, अडतीस किलो. मी ते दोनदा वाचलं. सासूला वीस वर्षं रोज बघत होते, पण अडतीस किलो हे मला माहिती नव्हतं.

तुम्हाला वाटेल, ह्यानंतर ट्रेलर सुटला असेल. कशाचं! सहाव्या दिवशी हूक परत बसला. टोमॅटो झाडावर थांबत नाही, हे कारण. "आता उतारावर पयल्या गिअरमधी घीन, मग काय हुतंय?" हा उपाय. क्रेट तेवढेच, बाया पाच. सहावी जागा रिकामी झाली म्हणून मालक म्हणाले, "तेवढंच वजन कमी."  धडधाकट होती तेव्हा काय वजन, आणि आता खाटेवर आहे तर वजन कमी! बाईचं वजन कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे पण ह्यांच्याच सोयीनं.

त्यानंतर दोन दिवसांनी प्लॅस्टर दाखवायला मी आत्यांना सकाळी दवाखान्यात नेलं. येताना त्या म्हणाल्या, घरी एकटी काय करू, तुझ्यापाशी बसते. खिडकीशेजारी खुर्चीवर बसल्या. दुपारी लांबनं आमच्या निळ्या ट्रेलरवरची चळत दिसली. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी उठले, बाहेर गेले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. आत्या माझ्यामागं आल्या, गळ्यात अडकवलेला हात घेऊन. बायको एकटी असती तर मालकांनी हॉर्न वाजवून बाजूनं गाडी काढली असती. आई दिसली म्हणून थांबले.

"काय झालं?"

"काट्यावर घ्या."

"अगं उशीर हुतोय, बाजार..."

"काट्यावर घ्या म्हणलं ना!"

त्यांनी घेतली. प्लेटवर चाक चढलं तसं पाचही बायांनी सवयीनं पदर खोचले आणि उतरायला लागल्या. बारा वर्षं माझ्याच तोंडची सवय ती.

"उतरू नका!" मी ओरडले. "काट्यावर कुणी उतरू नका!"

बाया थबकल्या. एक जण म्हणाली, "अवो, तुमीच तर रोज उतरवताय."

"चुकले. बसा वर."

पिकअप पुढं काढायला लावली, नुसती ट्रेलरची चाकं प्लेटवर राहिली. काट्याचा मोठा आकडा बाहेरच्या भिंतीवर लाल दिव्यांत उमटतो, सगळ्यांना दिसतो. सोळाशे नव्वद. हुकावर पिकअपनं पेललेलं त्यात धरलेलंच नाही. मी मालकांना गाडीतनं खाली उतरवलं आणि आकड्यासमोर उभं केलं.

"वाचा."

"सोळाशे नव्वद."

"तुमी किती सांगत व्हता?"

 मग मी बायांना म्हणलं, आता उतरा. त्या उतरल्या. आकडा चौदाशे पन्नासवर आला. "ह्ये दोनशे चाळीस म्हंजी ह्या पाच जणी," मी म्हणलं. "ह्यांचं वजन हाय. दिसलं का?" बाया आकड्याकडं बघत होत्या. एकजण दुसरीला म्हणाली, "बया, आपलं एवडं भरलं?" आणि पदरात तोंड घालून हसली. मला हसू आलं नाही.

"बरं, बरं," मालक म्हणाले. "चार क्रेट कमी करतो उद्यापासनं."

चार क्रेट! एवढं बघून चार क्रेट! मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "गाडी काढ म्होरं. मला उबं ऱ्हायचंय."

मालकांना कळेना, पण आईचा आवाज ऐकून त्यांनी गाडी काढली. ट्रकसाठी केलेल्या त्या लांबरुंद लोखंडी प्लेटवर आत्या एकट्या चढल्या, मधोमध गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. काटा थोडा हलला. मग आकडा उमटला, चाळीस.

आत्यांना अक्षर येत नाही, आकडा येतो. मेंढरं मोजलेली बाई.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "ट्रकांचा काटा हाय ह्यो, तरी त्यानं मला धरलं." मग लेकाकडं वळल्या. "तू किती धरलं हुतंस रं?"

  मागं एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, कुणी वळून बघितलं नाही.

"न्हाय धरलं, आई," शेवटी मालक म्हणाले. 

"मग धर," आत्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या. आकडा शून्यावर आला.

त्या दिवशी ट्रेलर तिथंच काट्याच्या आवारात सोडला. पिकअप एकटी बाजारात गेली, ट्रेलरवरच्या क्रेटसाठी मागनं दुसरा टेम्पो आला. बाया सवारी घेणाऱ्या वडापच्या जीपनं घरी गेल्या, आत्या त्यांच्यात बसून. आता ट्रेलर गोठ्यामागं उभा आहे, त्याच्याखाली कोंबड्या बसतात. काट्यावर मी अजून ओरडते, माणसं खाली उतरा, कारण व्यापाऱ्याचा माल मोजायचाच असतो. पण आता आधी एकदा माणसांसकट वजन घेते आणि तो आकडा ड्रायव्हरला वाचायला लावते. काही जण शिव्या देतात. देऊ देत, माझ्याकडंही आहेत.

त्या दिवशी आत्या प्लेटवर असताना मी कळ दाबली होती. आमचं यंत्र गाडीचा नंबर घातल्याशिवाय पावती देत नाही, म्हणून नंबराच्या जागी मी आमच्या पिकअपचा नंबर घातला. एकूण वजन चाळीस किलो. ती पावती मालकांनी माझ्याकडनं मागून घेतली आणि स्टेअरिंगसमोर काचेला चिकटवली. माझा राग अजून गेलेला नाही. पण गाडी सुरू करण्याआधी ते ती पावती वाचतात, हे मी बघितलंय.